छत्तीस हजार किलोमीटरवरून लिंबागणेश

चंद्रयान-३ चा ‘विक्रम’ लँडर चंद्रावर उतरला तो २३ ऑगस्ट २०२३ रोजी, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. त्याच दिवसांत बीड जिल्ह्यात आणखी एक मोजणी चालू होती, तिचे थेट प्रक्षेपण मात्र कुठल्या वाहिनीवर नव्हते. शेवटचा पाऊस पडून किती दिवस झाले, याची ती मोजणी. सोयाबीन फुलोऱ्यातून शेंगेत जाण्याच्या बेताला आले होते आणि आभाळ कोरडे होते. पीकविम्याच्या तेव्हाच्या नियमानुसार पावसाचा सलग २१ दिवसांचा खंड पडला आणि उत्पन्न निम्म्याहून जास्त घटण्याची चिन्हे दिसली, तर संभाव्य भरपाईच्या २५ टक्के रक्कम आगाऊ देता येत असे. त्यामुळे एकविसावा दिवस कोणत्या महसूल मंडळात भरला, मध्येच कुठे शिंतोडे पडून मोजणी मोडली, यावर पारावर आणि तहसिलात एकच चर्चा. तो ऑगस्ट देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तूट होती ३६ टक्के.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक वाक्य आपोआप तोंडात येते: चंद्रावर गेलात, पण शेतात पाणी आणले का? मराठवाड्यात हे वाक्य पुष्कळांनी पुष्कळदा ऐकवले आहे. मला ते आळशी वाटते. चंद्रयान-३ ला आलेला साधारण ६१५ कोटींचा खर्च दुष्काळ हटवू शकला असता, असे मानायला दुष्काळ काय असतो हे ठाऊक नसावे लागते. दुसरे असे की, पाऊस किती पडला, कुठे पडला, पीक कसे आहे आणि नुकसान कोणाचे झाले, या चारही प्रश्नांच्या उत्तरांत आता उपग्रह शिरलेला आहे. विक्रमला चंद्रापर्यंत नेणारी विद्या आणि मंडळाचा खंड ठरवायला मदत करणारी विद्या एकाच घरातली. पहिलीवर पानेच्या पाने लिहिली जातात. दुसरी शेतकऱ्याच्या खिशाला हात घालते, तरी तिच्याविषयी मराठीत फारसे काही वाचायला मिळत नाही. या पुस्तकाची पुढची प्रकरणे त्या दुसरीकडून पहिलीकडे जातात, आणि हा उलटा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे.

त्यासाठी पाहायला एक जागा हवी होती. लिंबागणेश हे बीड तालुक्यातले गाव आहे. बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की मांजरसुंब्याचा घाट चढून आपण बालाघाटाच्या पठारावर येतो. तिथून पाटोद्याच्या वाटेला लागले की हे गाव लागते. इथे भालचंद्र गणपतीचे देऊळ आहे. याच जिल्ह्यात गोदाकाठी गंगामसल्यालाही भालचंद्रच आहे आणि एकवीस गणेशक्षेत्रांत त्याची गणना होते. म्हणजे कपाळावर चंद्र असलेले दैवत या जिल्ह्यात दोन ठिकाणी. प्रस्तावना लिहिणाऱ्याला हा योगायोग मोह पाडणारा आहे, पण त्यावर इमला चढवण्याचा माझा विचार नाही. लिंबागणेश निवडले ते दुसऱ्या कारणाने: ते एक महसूल मंडळ आहे. पावसाची नोंद मंडळाची, अतिवृष्टी मंडळाची, विम्याचा हिशेबही मंडळाचा. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते, ती मंडळातल्या पर्जन्यमापकावर. ज्याचे शेत त्या यंत्रापासून आठ किलोमीटरवर ओढ्याकाठी आहे, त्याच्या शेतात काय पडले ते यंत्राला कळत नाही. अवकाशातून पृथ्वी पाहण्याचा सगळा खटाटोप अखेर या आठ किलोमीटरांशी येऊन भिडतो.

या विषयाचे दोन्ही काठ एकाच आयुष्यात पाहिलेला एक मराठी माणूस होता. वसंत गोवारीकर. पुण्यात १९३३ साली जन्म, बर्मिंगहॅमला रसायन अभियांत्रिकीत डॉक्टरेट, काही काळ इंग्लंडमध्ये नोकरी, आणि १९६७ मध्ये केरळच्या किनाऱ्यावरील थुंब्याच्या रॉकेटतळावर. विक्रम साराभाईंनी जमवलेल्या मंडळींत मराठी नावे तशी आणखीही होती. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे थुंबा आणि पुढे श्रीहरिकोटा या जागांच्या शोधात होते. शंभरी पूर्ण करून ते २०२५ मध्ये पुण्यात वारले. पुण्यातच जन्मलेले प्रमोद काळे २१ नोव्हेंबर १९६३ च्या पहिल्या नाइकी-अपाची रॉकेटच्या उड्डाणाच्या वेळी थुंब्यात होते. त्या दोघांवर स्वतंत्र लिहायला हवे. गोवारीकरांवर इथे थांबतो, कारण त्यांच्या वाट्याला इंधन आले आणि नंतर पाऊस.

घन इंधन म्हणजे काय, हे एकदा नीट समजले की रॉकेटमधली निम्मी जादू ओसरते आणि उरलेल्या निम्मीविषयी आदर वाढतो. त्यात मुख्य तीन घटक. अमोनियम परक्लोरेट हा प्राणवायू पुरवणारा क्षार, ॲल्युमिनियमची बारीक भुकटी, आणि या दोघांना धरून ठेवणारा रबराच्या जातीचा बहुलक. हे सारे कालवून काकवीसारखे दाट मिश्रण करतात, पोलादी आवरणात ओततात आणि मंद उष्णतेवर ते घट्ट होऊ देतात. मधोमध आधीच एक साचा उभा केलेला असतो; तो काढून घेतला की आरपार पोकळी उरते. इंधन या पोकळीच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने जळत जाते. भिंतीचे क्षेत्रफळ जितके जास्त तितका जोर जास्त. म्हणून पोकळी गोल ठेवायची की चांदणीच्या आकाराची, हा निर्णय रॉकेटला कोणत्या सेकंदाला किती रेटा मिळणार, याचा निर्णय असतो. आणि एकदा पेटवले की विझवण्याची सोय नाही. आत केसाएवढी भेग राहिली तर ज्वाला तिच्यात शिरते, जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि आवरण फाटते. यामुळे या कामात हुशारीइतकीच शिस्त लागते: भुकटीचा कण किती बारीक, हवेत दमटपणा किती, मिश्रणात बुडबुडा राहिला का. परदेशातून ही कृती मिळणार नव्हती. मिळाली असती तरी ती नीट चालवायला इथलाच कारखाना आणि इथलीच माणसे लागली असती.

गोवारीकर १९७९ ते १९८५ विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. त्याच काळात, १० ऑगस्ट १९७९ ला, एसएलव्ही-३ या रॉकेटचे पहिले उड्डाण फसले आणि १८ जुलै १९८० ला दुसऱ्याने ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम. ते नाव घरोघरी पोचले. चारही टप्पे घन इंधनाचे होते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

त्यानंतर गोवारीकर दिल्लीला केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले आणि त्यांच्या पुढाकाराने मान्सूनच्या अंदाजाचे सोळा घटकांचे प्रारूप तयार झाले. हिमालयावरचे आणि युरेशियातले बर्फ, प्रशांत महासागराचे तापमान, उंचावरच्या वाऱ्यांची दिशा, ठिकठिकाणचे हवेचे दाब. अशा सोळा खुणा पाहायच्या आणि देशात जून ते सप्टेंबर किती पाऊस होईल, ते सांगायचे. १९८८ पासून हवामान खाते ते वापरू लागले. पुढली तेरा-चौदा वर्षे ढोबळमानाने ते निभावले. २००२ मध्ये मात्र अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा आणि प्रत्यक्षात झाला ८१ टक्के. जुलै तर निम्म्याहून अधिक कोरडा गेला. लोकांनी प्रारूपाची टिंगल केली, खात्याने ते बदलले.

टिंगल मला रास्त वाटत नाही, पण एक मुद्दा त्यात दडलेला होता. समजा तो अंदाज अचूक निघाला असता, तरी लिंबागणेशला त्याचा काय उपयोग होता? देशात सरासरीइतका पाऊस आणि बालाघाटावर धूळ, असे वर्ष काही दुर्मीळ नाही. बीड जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आणि तीही पाच-सहा दणक्यांत पडून जाणारी. संपूर्ण देशासाठी एक आकडा काढणे ही एक विद्या, आणि दीडशे चौरस किलोमीटरच्या मंडळासाठी आकडा काढणे ही वेगळी. पहिलीतून दुसरी आपोआप येत नाही. उपग्रहांची गोष्ट खरी सुरू होते ती इथून.

तिकडे वळण्यापूर्वी वाटेत वालचंदनगर लागते, आणि बीडच्या वाचकाने ते टाळून पुढे जाऊ नये. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातले हे गाव. वालचंद हिराचंदांनी वसवलेल्या या ठिकाणच्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रे बनत आली आहेत: उसाचे चरक, बॉयलर, प्रचंड दातेरी चाके. तिथेच सत्तरच्या दशकापासून रॉकेटची आवरणेही घडू लागली. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे आवरण २.८ मीटर व्यासाचे असते, एलव्हीएम-३ च्या बाजूच्या बूस्टरचे ३.२ मीटर. दोन्ही मॅरेजिंग पोलादाची असतात. या पोलादात कार्बन जवळजवळ नसतो, निकेल सुमारे १८ टक्के असते आणि ठरावीक तापमानाला ते मुरवले की त्याची ताकद येते. जोड देताना वितळलेल्या धातूत बुडबुडा राहू नये, ही इथेही तीच काळजी. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांनी तोडलेला ऊस ज्या घडणीच्या यंत्रांत पिळला जातो, तिचेच कसब ‘विक्रम’ला वर नेणाऱ्या रॉकेटच्या पोलादात उतरले आहे. मजुरीचा दर त्यामुळे वाढत नाही, हेही खरे.

आता वर जाण्याविषयी थोडे, कारण त्यावर पुढे दोन प्रकरणे आहेत. उंची गाठणे तुलनेने सोपे. आडवा वेग मिळवणे अवघड. जमिनीपासून काही शे किलोमीटरवर फिरत राहायचे तर सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेग लागतो. या वेगाने निघाल्यास लिंबागणेशहून पुण्यावर पोचायला अर्धे मिनिटही लागत नाही. तो वेग मिळवण्यासाठी इंधन लागते, ते इंधन उचलण्यासाठी आणखी इंधन लागते, आणि हे गणित इतके निर्दयपणे वाढत जाते की एलव्हीएम-३ जमिनीवरून निघते तेव्हा सुमारे ६४० टन असते आणि चंद्रयान-३ त्यात जेमतेम ३.९ टनांचे. त्यातला लँडर पावणेदोन टनांचा, रोव्हर २६ किलोंचा. बाकी सगळे वाटेत जळते किंवा गळून पडते.

विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर मात्र एक गंमत आहे. तिथला उपग्रह पृथ्वीबरोबर नेमकी एक फेरी पुरी करतो, त्यामुळे खालून तो स्थिर दिसतो. इन्सॅट मालिका तिथली. इन्सॅट-३डी २०१३ मध्ये गेला, ३डीआर २०१६ मध्ये, ३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ ला. टीव्हीवर पावसाळ्यात ढगांची जी पांढरी चित्रे सरकताना दिसतात ती यांनीच घेतलेली. दर अर्ध्या तासाला नवे चित्र. दोन उपग्रहांच्या वेळा मागेपुढे ठेवल्या की पाव तासाला. रात्री ऊन नसते तेव्हा ढगांच्या माथ्याची उष्णता मोजून चित्र बनते. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि ढग उंच तर बहुधा पाऊस जोराचा.

या ‘बहुधा’त बालाघाटाचे सगळे दुखणे आहे. उपग्रह पाऊस पाहत नाही. ढगाचा माथा पाहतो आणि खाली पाऊस असावा असे अनुमान काढतो. सह्याद्रीवर बुटके, उबदार ढग धो धो कोसळतात आणि वरून निरुपद्रवी दिसतात. उलट पर्जन्यछायेत उंच ढगातून निघालेली सर खालच्या कोरड्या हवेत विरून जाते आणि ढेकळापर्यंत पोचतच नाही. शिवाय उष्णतेच्या चित्रातला एक चौकोन ४ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे जवळपास ४,००० एकर. एका मंडळात असे दहाएक चौकोन बसतात. वादळ अरबी समुद्रात कुठे पोचले ते सांगायला हे डोळे उत्तम आहेत. अमुक गटात किती पडले ते सांगण्याची त्यांच्याकडून अपेक्षा करणेच चूक. ढगाच्या आत डोकावण्यासाठी रडार लागते, आणि २०१४ मध्ये सोडलेल्या अमेरिका-जपानच्या जीपीएम उपग्रहावर तसे आहे. त्यावर आधारलेले पावसाचे नकाशे दहा किलोमीटरच्या चौकोनात मिळतात. मंडळाचा प्रश्न तरीही सुटत नाही. म्हणून राज्यात ‘महावेध’ योजनेतून मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे आली. वर कितीही महाग डोळा असो, त्याला खाली खरेखोटे करायला असा एक साधा, नीट जागी बसवलेला, वेळच्या वेळी साफ होणारा पर्जन्यमापक लागतोच. या केंद्रांच्या देखभालीवर जितकी बातमी व्हायला हवी तितकी होत नाही.

पाऊस सोडून पिकाकडे आलो की चित्र एकदम सुधारते. हिरवे पान तांबडा प्रकाश खाऊन टाकते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश भरभरून परतवते. पान सुकले, पिवळे पडले की हे प्रमाण बदलते. या दोन प्रकाशांतला फरक त्यांच्या बेरजेने भागला की पिकाच्या हिरवेपणाचा एक निर्देशांक मिळतो. इतकी साधी वजाबाकी आणि भागाकार. पण यावर देशोदेशींची कृषी खाती चालतात. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह सुमारे ७८६ किलोमीटरवरून दर पाच दिवसांनी हे चित्र घेतात, आणि ते कोणालाही फुकट मिळते. त्यातला एक चौकोन १० मीटर लांब-रुंद, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. थोडक्यात, लिंबागणेशच्या शिवारातला जवळजवळ प्रत्येक गुंठा वरून स्वतंत्र दिसतो. सातबाऱ्याच्या भाषेत विचार करणाऱ्या माणसाला अवकाश तंत्रज्ञानाची ओळख करून द्यायची तर मी या एका योगायोगापासून सुरुवात करेन.

अडचण एकच, पण मोठी. सोयाबीन उभे राहते ते जून ते सप्टेंबर, आणि त्याच महिन्यांत आभाळ भरलेले. खरिपाच्या शंभर दिवसांत ढगांशिवाय मिळालेली चित्रे कधीकधी बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून पुन्हा रडार. रडार स्वतःच लहरी सोडते आणि परतलेला प्रतिध्वनी ऐकते. त्याला ऊन लागत नाही आणि ढग आडवा येत नाही. भारताने रिसॅट-१ हा रडार उपग्रह २६ एप्रिल २०१२ ला सोडला. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा त्याच वाटेवरचा मोठा टप्पा. इस्रो आणि नासा यांनी मिळून बांधलेला, १२ मीटर व्यासाची जाळीदार अँटेना उघडणारा आणि दर १२ दिवसांनी तीच जमीन पुन्हा तपासणारा. त्यातल्या दोन रडारांपैकी लांब लहरीचे नासाचे, आखूड लहरीचे इस्रोचे. लांब लहर पानांतून खाली शिरते आणि मातीतल्या ओलीविषयी सांगते. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला. रडारचा उपयोग फक्त दुष्काळात, असे कोणाला वाटत असेल तर तो महिना आठवावा. साचलेले पाणी रडारच्या चित्रात काळेशार दिसते आणि पूर कुठवर पसरला ते ढगांखालूनही आखता येते.

इथवर शास्त्र झाले. पुढे पैसे येतात आणि मजकूर गुंतागुंतीचा होतो.

पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाई ठरते ती मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घ्यायची, त्यांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने गुणायचे. ते उंबरठा उत्पन्न. यंदाचे उत्पन्न त्याखाली गेले तर भरपाई. यंदाचे उत्पन्न कसे कळणार? पीक कापणी प्रयोगाने. मंडळातली मोजकी शेते चिठ्ठीने निवडायची, ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, कापायचे, मळायचे, वजन करायचे. पद्धत जुनी आणि मुळात सरळ आहे. पण त्या चौकोनावर इतका पैसा अवलंबून असतो की शेतकरी, कर्मचारी आणि विमा कंपनीचा प्रतिनिधी, तिघांच्याही डोळ्यांत संशय असतो. बीडचा अनुभव तर असा की २०२० च्या खरिपात जिल्ह्याचा विमा घ्यायला कंपन्याच पुढे येईनात. शेवटी सरकारी कृषी विमा कंपनी तयार झाली ती एका अटीवर: भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार राज्याचा, आणि ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर २० टक्के कंपनीने ठेवून बाकी राज्याला परत. हाच पुढे राज्यभर गेलेला ‘बीड पॅटर्न’. हवामानाने जोखीम इतकी वाढवली की बाजाराने पाठ फिरवली, हा त्यातला खरा अर्थ.

केंद्राने २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हासाठी, आणि २०२४ पासून सोयाबीनसाठी, उत्पन्न ठरवताना किमान ३० टक्के वजन दूरसंवेदनावर आधारलेल्या अनुमानाला द्यायचे ठरवले, ते या संशयावर उतारा म्हणून. उपग्रहाला गावातले राजकारण कळत नाही आणि चहा पाजता येत नाही, हा त्याचा गुण. दोष असा की त्याला दाणाही दिसत नाही. हिरवेगार सोयाबीन वरून सुरेख दिसते. शेंगेत दाणे भरले की नाही, ते आत पाहिल्याशिवाय कळत नाही. ऑगस्टच्या खंडात नेमके हेच होते: झाड उभे, शेंगा पोकळ. शिवाय तूर आणि सोयाबीन एकाच पट्ट्यात पेरलेले असतात, तेव्हा गुंठ्याएवढ्या चौकोनात दोन पिकांची खिचडी होते. या त्रुटी भरायच्या तर कापणी प्रयोगांची खरी आकडेवारी देऊन संगणकी प्रारूपाला शिकवावे लागते. म्हणजे ज्या प्रयोगांवर भरवसा नाही म्हणून उपग्रह आणला, त्यांच्याच भरवशावर उपग्रह शिकतो. या पेचावर पुस्तकात मोठे प्रकरण आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. माझे मत विचाराल तर ३० टक्के हे प्रमाण आजच्या घडीला योग्य आहे. शंभराची घाई करणाऱ्या राज्यांनी सोयाबीनच्या शेंगा फोडून पाहाव्यात.

शेतकरी स्वतः अवकाशाशी जोडला गेला तो १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने. बांधावर उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि अक्षांश-रेखांशासह पाठवायचा. तो अक्षांश-रेखांश येतो सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांतून. किमान चार उपग्रहांचे संदेश पोचायला लागलेला वेळ मोजून फोन आपली जागा काढतो. वेळेत एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली तर जागेत ३०० मीटरची. त्यातही आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे वरची घड्याळे दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात चूक ११ किलोमीटरांवर जाईल आणि लिंबागणेशचे सोयाबीन मांजरसुंब्यापलीकडे नोंदले जाईल. भारताने नाविक ही स्वतःची यंत्रणा २०१३ पासून उभारायला घेतली, आणि तिच्या पहिल्या उपग्रहाची आण्विक घड्याळेच बंद पडली होती. अवकाशात नेलेले घड्याळ किती नाजूक असते, हे त्यातून सगळ्यांना कळले.

चिटणीसांचे नाव इथे पुन्हा घेतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून थेट टीव्ही दाखवला गेला. त्या ‘साइट’ प्रयोगाची धुरा त्यांच्याकडे होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची अँटेना खेड्यातच जोडायची आणि बिघडली तर तिथेच दुरुस्त करायची, अशी ती रचना. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. शेजारी कर्नाटकात गुलबर्गा, विजापूर, रायचूरकडची गावे होती. त्या प्रयोगात उपग्रहाइतकाच विचार खालच्या टोकाचा झाला होता: कार्यक्रम कोणत्या बोलीत, संच कोणाच्या ताब्यात, दुरुस्तीला माणूस कुठून येणार. पीकविम्याच्या उपग्रह-आकड्यांबाबत तो विचार आज तेवढा झालेला दिसत नाही. मंडळाचा निर्देशांक गावात मराठीत, नकाशासकट लावला जात नाही. आक्षेप कोणत्या मुदतीत, कोणाकडे नोंदवायचा हे सांगणारे कोणी भेटत नाही.

चांद्रमोहिमांवरचे प्रकरण सर्वांत शेवटी आहे. ७ सप्टेंबर २०१९ ला चंद्रयान-२ चा लँडर साधारण २.१ किलोमीटर उंचीपर्यंत ठरल्याप्रमाणे गेला आणि नंतर वाट सुटली. तिसऱ्या खेपेस इस्रोने मोठे इंजिन लावले नाही. पाय मजबूत केले, उतरण्याचा पट्टा ५०० मीटरवरून ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद केला, वेग थेट मोजणारे लेझर यंत्र बसवले, आणि काय काय बिघडू शकते याची यादी करून प्रत्येक बिघाडातही उतरता येईल असे पाहिले. हे प्रकरण वाचताना विम्याचे प्रकरण शेजारी उघडे ठेवावे, अशी माझी वाचकाला सूचना आहे. ज्यांना रॉकेटच वाचायचे आहे त्यांनी थेट चौथ्या प्रकरणाकडे जावे. इंधनाचे रसायन तिथे सविस्तर आहे आणि शाळेतल्या दहावीच्या मुलाला समजेल इतपत सोपे ठेवले आहे. गुंठ्याचे गणित दुसऱ्यात. मानवी अवकाशप्रवास, दुर्बिणी आणि मंगळ यांना या पुस्तकात जागा नाही, कारण त्या विषयांवर मराठीत जयंत नारळीकरांसारख्यांनी आधीच चांगले लिहून ठेवले आहे. रडारच्या प्रकरणातल्या आकृत्या मात्र खरीप सुरू होण्याआधी एकदा पाहून ठेवाव्यात. ऑगस्टमध्ये तलाठी कार्यालयात त्या उपयोगी पडतील.